जुनी केमन घ्यायचीय, पण इंजिन गेलं तर किती लाखांचा खड्डा?

टिळकवाडीकर
मंडळी, बरीच वर्षं डोक्यात घोळणारं खूळ आता गळ्यापर्यंत आलंय. कोल्हापुरात २००७ ची पोर्शे केमन एस विकायला आहे. एमएच-०९ पासिंग, तिसरा मालक, मॅन्युअल गिअर, मीटरवर ४१ हजार, मागणी २६ लाख. गाडी बाहेरून अशी की दृष्ट काढावी. मालक सांगतात, दसऱ्याला पूजेपुरती काढतो, नाहीतर महिन्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत.

नेटवर वाचायला बसलो आणि झोप उडाली. जो तो सांगतोय, या काळातल्या पोर्शेचं इंजिन कधी जाईल नेम नाही आणि गेलं की गाडीच्या किमतीएवढा खर्च. उलट काही जण म्हणतात, दोन लाख किलोमीटर झाले, नुसतं ऑइल बदलतोय. खरं काय धरायचं? इंजिन बदलायची वेळ येण्याची शक्यता किती, आलीच तर खर्च किती, आणि बेळगावात बसून हे निभतंय का? आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एवढी कास्टिंगं निघतात, क्रँक घासून मिळतात, मग एक इंजिन बांधता येणार नाही होय?

घाटवेडा
काढून टाक की भावा! सप्टेंबरात चोर्ल्याच्या वळणावर पाठीमागं ते इंजिन ओरडायला लागलं की हिशेब कोण करतंय.

हिशेबनीस
टो करणारा करतो.

निपाणी_ते_बंगळूर
आधी इंजिनं वेगवेगळी करूया, कारण नेटवर सगळ्या पोर्शे एकाच चरकात घातलेल्या असतात.

ज्याला सगळे घाबरतात ते आयएमएस बेअरिंग. क्रँककडून कॅमकडे जाणाऱ्या चेन एका मधल्या शाफ्टवरून फिरतात, त्या शाफ्टच्या टोकाचं हे बेअरिंग. ९८६ बॉक्स्टर आणि ९९६ ची साधी ९११ यांचं हे दुखणं (९८६, ९९६ हे पोर्शेच्या पिढ्यांचे नंबर). सुरुवातीच्या गाड्यांत बेअरिंग दुहेरी होतं, २००० च्या सुमारास एकेरी आलं आणि बदनाम झालं. बेअरिंग सीलबंद, आतलं ग्रीस हळूहळू धुऊन जातं. मग ते झिजतं, फुटतं, टायमिंग सुटतं, व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. अमेरिकेत यावर सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या त्यात होत्या. एकेरी बेअरिंग फुटण्याचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आणि दुहेरीचं १ टक्क्याच्या आसपास, असे आकडे तेव्हापासून सगळीकडे सांगितले जातात. म्हणजे सगळ्यात बदनाम इंजिनातही शंभरातल्या नव्वदहून जास्त गाड्यांना काही झालं नाही. ९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळ्याच घराण्यातलं, त्यांचा या भानगडीशी संबंध नाही.

तुमची २००७ ची. २००६ पासून बेअरिंग मोठं केलं. इंजिन उकलल्याशिवाय ते काढता येत नाही, पण फुटल्याच्या तक्रारी फार कमी. तेव्हा आयएमएसची भीती सोडा. केमन एसच्या ३.४ लिटर इंजिनाला भीती आहे ती बोअर स्कोरिंगची, सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडण्याची. त्याच पिढीच्या २.७ ला हे फार कमी होतं. आणि मॉडेल इयर २००९ पासून पोर्शेने इंजिनच नवं आणलं, त्यात तो मधला शाफ्टच नाही. खिसा परवानगी देत असेल तर तुमच्या केमनच्या पिढीची, म्हणजे ९८७ ची, ही दुसरी फेरी बघा. २.९ लिटरची साधी केमन मिळाली तर अजून बरं.

टिळकवाडीकर
आभारी आहे. हे ओरखडे पडले तर बोअर मारून, स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) घालून भागत नाही का? उद्यमबाग, तुम्ही सांगा की ओ, तुमचा तर रोजचाच धंदा.

उद्यमबाग
ट्रक-ट्रॅक्टरचे ब्लॉक आमच्याकडं रोज येतात. बोअर मारा, ओव्हरसाइज पिस्टन घाला, स्लीव्ह ठोका, क्रँक घासून अंडरसाइज शेल (बेअरिंगच्या वाट्या) बसवा, संध्याकाळी पार्टी ब्लॉक घेऊन जाते. बीडाचा ब्लॉक असला तर डोळे झाकून.

हे इंजिन तसलं नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आत बीडाची स्लीव्ह नाही. सिलिंडरच्या जागी सिलिकॉनचा सच्छिद्र साचा ठेवून भोवती ॲल्युमिनियम ओततात, त्याला लोकासिल म्हणतात. होनिंग करताना वरचं ॲल्युमिनियम थोडं मागं सारून सिलिकॉनचे कडक कण उघडे ठेवतात, पिस्टन त्या कणांवर सरकतो. पिस्टनच्या अंगावर वेगळं कोटिंग असतं. ते कोटिंग गेलं की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं. कण उखडतात, तेच कण पुढं अजून ओरबाडतात. एकदा सुरू झालं की ऑइल घालून थांबत नाही.

आमच्या साध्या बोअरिंग मशिनवर हा ब्लॉक चढवला तर टूल त्या कणांना कापत नाही, उपटून काढतं. भिंत चकचकीत दिसेल आणि गाडी थोड्याच दिवसांत निळा धूर सोडेल. बरोबर काम म्हणजे निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कडक थर दिलेल्या स्लीव्ह बसवणं आणि त्या मापाचे पिस्टन. ते करणारी दुकानं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आहेत. ब्लॉक तिकडं पाठवायचा किंवा सामान मागवून इथं मापात बसवायचं. मशीन आमच्याकडं आहे, हात पण आहे, पण पहिला प्रयोग तुमच्या गाडीवर करा असं मी म्हणणार नाही. कुणी 'करतो की साहेब, काय त्यात' म्हणालं तर गाडी उचला आणि चालू पडा.

चिकोडीवाला
पण मग कोल्हापूर-बेळगाव पट्टा फाउंड्रीचा बालेकिल्ला म्हणून मिरवायचं कशाला?

उद्यमबाग
ओतकाम वेगळं, इंजिन बांधणं वेगळं. हायड्रॉलिकचं व्हॉल्व बॉडी मागा, मायक्रॉनमध्ये देतो. चाळीस वर्षं एकच इंजिन बांधणारा माणूस तिकडं असतो, तसल्या गाड्या आपल्याकडं असत्या तर इथंही झाला असता.

हिशेबनीस
आता आकड्यांकडे या. खालचे आकडे कुणाचं कोटेशन नाही, नुसते समजण्यापुरते.

समजा इंजिनाचं मोठं काम १८ लाखांचं आणि पुढच्या पाच वर्षांत ते निघण्याची शक्यता १० टक्के. गुणाकार केला तर १ लाख ८० हजार. माणूस म्हणतो, एवढंच ना, २६ लाखांच्या गाडीला काय जड आहे! पण १ लाख ८० हजार कुणीच भरत नाही. दहातले नऊ शून्य भरतात आणि दहावा १८ लाख भरतो. विमा कंपनीकडे हजार गाड्या असतात म्हणून तिला सरासरी चालते. तुमच्याकडे एकच गाडी आहे. त्यामुळे प्रश्न शक्यतेचा कमी आणि दहावे तुम्हीच निघालात तर काय विकावं लागेल याचा जास्त. शेत विकावं लागत असेल तर शक्यता २ टक्के असली तरी गाडी घेऊ नका. नुसती एफडी मोडावी लागणार असेल तर घ्या.

शिवाय या गाडीचं बंद इंजिन म्हणजे गाडीची किंमत जवळपास शून्य. चालू गाडीला २६, बंद गाडीला सांगाडा आणि सुटे भाग यांचे काय येतील ते. खर्चासोबत हा तोटाही धरा.

निपाणी_ते_बंगळूर
खर्चाचं सांगतो, आकडा छातीठोकपणे कुणी देत नाही हे आधी लक्षात घ्या. अमेरिकेत चांगल्या दुकानातून या इंजिनाचं पूर्ण रिबिल्ड २० हजार डॉलरच्या वर सहज जातं, आणि तिकडं सामान गल्लीत मिळतं. आपल्याकडे त्यावर वाहतूक, कस्टम्स, जीएसटी चढतो आणि मग वाट बघणं.

वाटा तीन. कंपनीकडून नवं इंजिन मागवणं, त्याचं कोटेशन बघितलं की गाडी आहे तिथंच सोडून यावंसं वाटतं. दुसरी वाट म्हणजे इंग्लंडमध्ये ठोकलेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन. स्वस्त पडतं, पण त्यालाही तोच आजार असू शकतो. बसवण्याआधी त्याच्या सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघितलाच पाहिजे. तिसरी, आहे तेच इंजिन उतरवून स्लीव्ह-पिस्टन नवे घालून बांधणं. गाडी ठेवायची असेल तर हीच शहाणपणाची.

केमनचं इंजिन सीटच्या मागे पोटात असतं, वरून नीट दिसतसुद्धा नाही. खालून उतरवावं लागतं, दोन खांबांची लिफ्ट लागते. बेळगाव बंगळूर आणि मुंबई दोन्हींपासून साधारण ५०० किलोमीटर, अगदी मधोमध. फ्लॅटबेडचं भाडं कुठल्याही बाजूला तेवढंच बसणार.

खानापूरकर
पोर्शे आपल्या आवाक्याबाहेरची, पण थोडं आमच्याही लॉरा व्हीआरएसचं ऐका. १.८ टीएसआय, धाकट्या भावाची. सकाळी थंड चालू केली की दोन सेकंद खडखड आवाज. वर्कशॉपला दाखवली, नाव घेत नाही. 'डिझेलवाल्यांना पेट्रोलचा आवाज वेगळाच वाटतो' म्हणून परत पाठवली. या इंजिनाच्या जुन्या चेन टेन्शनरचं ते दुखणं जगजाहीर आहे. टेन्शनरची कडी सुटते, चेन दात सोडते, व्हॉल्व वाकतात. जांबोटीच्या अलीकडे गाडी बंद पडली, पाऊस मी म्हणत होता. हेड काढलं, सगळे व्हॉल्व गेलेले. टेन्शनर वेळेत बदलला असता तर त्याच्या कितीतरी पटीने कमीत भागलं असतं.

सांगायचा मुद्दा, इंजिन 'अचानक' जातंय असं विकणारे म्हणतात. ते आधी महिनाभर सांगत असतं.

घाटवेडा
खरं आहे. माझ्या मित्राच्या ऑडी टीटीलाही, २.० टीएफएसआय, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागायचं. रिंगांचा दोष. तो डिकीत डबा ठेवून फिरायचा आणि त्याला वाटायचं स्पोर्ट्स कार म्हणजे ऑइल पिणारच.

शहापूरची_मुलगी
बीएमडब्ल्यू एम३ घेणाऱ्यांनीही वाचा. ई९२ च्या व्ही८ ला रॉड बेअरिंगचा त्रास. त्यात बरी गोष्ट ही की सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घेऊन, चेंबर (तळाची ऑइलची टाकी) काढून बेअरिंगचे शेल आधीच बदलता येतात. खर्च आहे, पण इंजिनापुढे काहीच नाही. मी तर म्हणेन, जुनी स्पोर्ट्स कार निवडताना ज्या इंजिनाचं दुखणं बाहेरून आधीच काढून टाकता येतं ते निवडा. केमन एसचे ओरखडे तसे काढता येत नाहीत, म्हणून मला ती नको वाटते. दिसायला कितीही देखणी असो.

टिळकवाडीकर
ताई, वाचून पोटात गोळा आला. तरी शनिवारी बघायला जातोय. काय काय तपासू?

उद्यमबाग
सौदा बोलायच्या आधी फिल्टर उघडा. या इंजिनाचा ऑइल फिल्टर कागदी, प्लॅस्टिकच्या डब्यात असतो. डबा खोलायला ७४ मिमीचं टोपीसारखं सॉकेट लागतं. डब्यातलं ऑइल पांढऱ्या सुती फडक्यावर हळू ओता. मग फिल्टरच्या कागदाच्या घड्या ब्लेडनं कापून उन्हात पसरा. घाई करू नका, ऑइल निथळू द्या. नुसती काळी साय दिसली तर ठीक. चांदीसारखी बारीक चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटलं तर पोलाद आहे, बेअरिंग नाहीतर चेन. चिकटलं नाही आणि चमकतंय, तर ॲल्युमिनियम समजा, पिस्टन आणि भिंत. तपकिरी किंवा काळे प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या गाइडचे असतात. एखादा कण दिसला म्हणून पळू नका, पण फडक्यावर मेंदीच्या चमकीसारखं पसरलं असेल तर नमस्कार करून निघा.

मालकानं आदल्याच आठवड्यात ऑइल बदललेलं असलं तर फिल्टरात काही सापडायचं नाही. तेव्हा बिलावरची तारीख विचारा.

निपाणी_ते_बंगळूर
त्यानंतर प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा. ओरखडे बहुतेक ४, ५, ६ नंबरच्या सिलिंडरमध्ये आधी पडतात. ते भिंतीच्या खालच्या भागात असतील तर प्लगच्या भोकातून नीट दिसत नाहीत, चेंबर काढून खालून बघणारा मेकॅनिक मिळाला तर उत्तम. इंजिन पूर्ण तापल्यावर टॅपेटसारखी टकटक येते का ऐका.

आणि ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढा. मॅन्युअल गाडीत पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा पडला की इंजिन मर्यादेच्या पलीकडे फिरतं, ते इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लिहून ठेवतो. ९८७ मध्ये त्याचे सहा टप्पे आहेत. वरच्या टप्प्यांत नोंद असेल आणि ती अलीकडच्या तासांची असेल तर सोडून द्या. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं तेही येतं. किलोमीटरला तासांनी भागा, मीटर फिरवलाय का ते कळतं.

चिकोडीवाला
गावाकडं जनावर घेताना दात मोजतात, तसंच झालं की हे!

कोगनोळी_नाका
आमच्या सीमेवरच्यांची खास डोकेदुखी कुणी सांगितलीच नाही. एमएच-०९ गाडी बेळगावात १२ महिन्यांहून जास्त ठेवली की केए-२२ करून घ्यावी लागते. कोल्हापूरची एनओसी, मग कर्नाटकाचा लाईफ टॅक्स. २० लाखांवरच्या गाडीला इथला दर १८ टक्के आणि वर सेस. तो तुमच्या २६ लाखांच्या सौद्यावर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर लागतो आणि वयाप्रमाणे त्यात सूट मिळते. शिवाय गाडीची १५ वर्षं होऊन गेलीत. आरसीचं नूतनीकरण झालंय का बघा. आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची केंद्राची फी २०२२ मध्ये ४० हजार केली होती, देशी गाडीला ५ हजार.

इंजिन बदललंत तर आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो. नव्या इंजिनाचं बिल, आयात केलं असेल तर कस्टम्सचा कागद, सगळं आरटीओत दाखवून नोंद करावी लागते. विमा कंपनीलाही कळवा. कुर्ल्याच्या बाजारातून बिनबिलाचं इंजिन आणून बसवलं आणि उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर नाक्यावर तुम्हीच उभे. विकतानाही हीच अडचण.

हिशेबनीस
विम्याचं राहिलं होतं. फर्स्ट पार्टी पॉलिसी झीज किंवा यांत्रिक बिघाड भरत नाही. इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन असतो, तो पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी. पावसात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करायला गेलात तर ॲड-ऑन असूनही भांडण होतं. सिलिंडरला ओरखडे पडले याचे पैसे कुणीच देत नाही.

टिळकवाडीकर
जाऊन आलो. मालक माणूस सज्जन, चहा पाजला, रिपोर्ट काढू दिला. ओव्हर-रेव्हचे वरचे टप्पे कोरे. पण इंजिनाचे तास आले २,९००. ४१ हजारांना भागलं तर ताशी १४ किलोमीटर. पन्हाळ्याला जाणारी गाडी ताशी १४ नं?

फिल्टर उघडायला मात्र तयार नाहीत. म्हणाले, सर्व्हिस आत्ताच झालीय. बिल मागितलं तर शोधून पाठवतो म्हणाले.

निपाणी_ते_बंगळूर
मीटर मागे घेतलाय, किंवा बॅटरी उतरू नये म्हणून गाडी जागेवर अर्धा-अर्धा तास चालू ठेवत आलेत. दुसरं खरं असेल तर मालक खोटं बोलत नाही, पण इंजिनासाठी ते जास्त वाईट. थंड इंजिन जागेवर चालू ठेवलं की जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. लोकासिलच्या ३.४ ला नेमकं हेच सोसत नाही.

घाटवेडा
किंमत पाडून घे भावा. २० ला दे म्हणावं.

शहापूरची_मुलगी
२० ला घेऊन १८ घालण्यापेक्षा धड इंजिनाची गाडी ३८ ला का घेऊ नये? निदान पहिल्या दिवसापासून चालवता तरी येईल.

उद्यमबाग
कॅमेरा घालू देत असतील तर अजून बोलता येईल. तेही नको म्हणाले तर विषय संपला.

टिळकवाडीकर
फोन केला होता. कॅमेऱ्यालाही नको म्हणाले, 'गाडी पसंत असेल तर घ्या'. सोडून दिली. बंगळुरात एक २०१० ची २.९ केमन दिसलीय, केए पासिंग, म्हणजे टॅक्सचा तिढा नाही. मागणी ३४. सगळी सर्व्हिस बिलं आहेत आणि फिल्टर उघडायला मालक आपणहून हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या बसनं जातोय. ते ७४ चं सॉकेट यालाही चालेल का, आणि बेळगावात कुणाकडे आहे?

निपाणी_ते_बंगळूर
सॉकेट माझ्याकडे आहे, बसेल. मॅजेस्टिकला उतरलात की फोन करा, मीही येतो. फडकं आणि लोहचुंबक तेवढं तुम्ही आणा.

कोगनोळी_नाका
आणि त्याच्याही आरसीची मुदत बघा. २०१० च्या गाडीलाही १५ वर्षांचा नियम लागतोच.